अल्लाहचे पाहुणे

बदायूँच्या त्या घरात ज्या दिवशी चूल पेटत नसे, त्या दिवशी आई आपल्या लहान मुलाला सांगे की, आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. घरात तिघेच जण होते. आई बीबी जुलैखा, एक मुलगी आणि हा मुलगा. वडील सय्यद अहमद मूल लहान असतानाच वारले होते. दोन्हीकडचे आजोबा मंगोलांच्या धामधुमीत बुखारा सोडून हिंदुस्थानात आलेले. घराणे सय्यदांचे आणि इभ्रतीचे, पण पदरी काही उरले नव्हते. तेराव्या शतकातल्या या पोरक्या मुलाला पुढे जग हजरत निजामुद्दीन औलिया म्हणून ओळखू लागले.

एकदा कोणा भल्या माणसाने एका टंक्याचे धान्य घरी आणून टाकले. टंका म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. त्या धान्यावर बरेच दिवस रोज भाकरी मिळत राहिली. एखादे उपाशी मूल अशा दिवसांत खूश झाले असते. हा मुलगा मात्र कंटाळला. आई ती पाहुण्यांची गोष्ट पुन्हा कधी सांगते, याची तो वाट पाहू लागला. अखेर धान्य संपले. एके दिवशी आईने सांगितले की, आज आपण अल्लाहचे पाहुणे. त्या क्षणी जो आनंद झाला त्याचे वर्णन करता येणार नाही, असे हजरत म्हातारपणीही आपल्या मुरिदांना सांगत.

या माउलीने मुलाला भूक लागलीच नाही असे भासवले नाही. पोट रिकामे होते आणि ते दोघांनाही ठाऊक होते. तिने त्या रिकाम्या दिवसाला एक नाते जोडून दिले. पाहुणा यजमानाच्या घरी बसतो, तेव्हा काय वाढायचे आणि कधी वाढायचे हे यजमान ठरवतो. ताट यायला उशीर झाला म्हणून यजमान आपल्याला विसरला, असे पाहुणा मानत नाही. तवक्कुल म्हणजे अल्लाहवर भिस्त ठेवणे. त्याचा पहिला धडा या मुलाने कोणत्याही मदरशात जाण्याआधी चुलीपाशी घेतला.

बदायूँमध्ये मौलाना अलाउद्दीन उसूली यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले. हनफी फिकहचा कुदूरी हा ग्रंथ पूर्ण झाला, तेव्हा रिवाजाप्रमाणे डोक्यावर दस्तार, म्हणजे पगडी बांधायची वेळ आली. बाजारातून पगडी आणायला पैसे नव्हते. आईने घरीच सूत कातले, त्याचे कापड विणून घेतले आणि पगडी तयार झाली. गावातल्या बुजुर्गांच्या उपस्थितीत ती बांधली गेली. पैशांची अडचण नसती, तर त्या पगडीत आईच्या हातचा धागा आला नसता.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते आई आणि बहिणीसह दिल्लीला आले. तेव्हाची दिल्ली आलिमांनी भरलेली होती. मंगोलांच्या तडाख्यातून निसटलेले मध्य आशियातले विद्वान तिथे जमले होते. तरुण निजामुद्दीन वादविवादात इतके तरबेज की, सोबतच्या विद्यार्थ्यांनी त्यांना मैफल मोडणारा अशी पदवी देऊन टाकली. पुढे मौलाना कमालुद्दीन जाहिद यांच्याकडे त्यांनी हदीसचा अभ्यास केला. नाव होत होते, पण घरची स्थिती तीच होती. सुलतान बल्बनच्या त्या काळात दिल्लीत खरबूज अगदी कवडीमोलाने विकले जाई. तरीही कित्येकदा सगळा हंगाम निघून जाई आणि एक फोडसुद्धा तोंडात पडत नसे. पुढे या दिवसांच्या आठवणी सांगताना हजरतांच्या बोलण्यात कडवटपणा नसे.

शिकलेल्या तरुणाला नोकरी हवी असते, तशी त्यांनाही हवी होती. काजी व्हावे, घराला स्थैर्य यावे, असे त्यांच्या मनात होते. शेजारी शेख नजीबुद्दीन मुतवक्किल राहत. त्यांना त्यांनी काजीपदासाठी दुआ करायची विनंती केली. शेखसाहेब आधी गप्प राहिले. पुन्हा विनंती झाली, तेव्हा त्यांनी सुचवले की, काजी होऊ नकोस, दुसरे काही हो. ज्याच्या डोक्यावर आईला सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्याला असे उत्तर लागले असेल. पण हेच शेख नजीबुद्दीन बाबा फरीद यांचे धाकटे बंधू होते. बाबा फरीद यांचे नाव निजामुद्दीन यांनी लहानपणी बदायूँमध्ये एका कव्वालाच्या तोंडून ऐकले होते आणि तेव्हापासून ते मनात घर करून बसले होते. नोकरीचा दरवाजा लागला आणि त्याच शेजारातून अजोधनची वाट निघाली.

अजोधन म्हणजे आजचे पाकिस्तानातले पाकपट्टन. विशीच्या सुमारास ते तिथे पोहोचले आणि बाबांचे मुरीद झाले. अंगावरचे कपडे मळून फाटले होते, धुवायला साबण नव्हता आणि बदलायला दुसरा जोड नव्हता. सय्यद मुहम्मद किरमानी यांच्या पत्नी बीबी रानी यांच्या ते लक्षात आले. त्यांनी आपली ओढणी दिली, ती गुंडाळून निजामुद्दीन एका कोपऱ्यात पुस्तक वाचत बसले, आणि त्या माउलीने कपडे धुऊन ठिगळे लावून परत दिले. या उपकाराची आठवण त्यांनी आयुष्यभर ठेवली.

बाबा फरीद यांच्या जमातखान्यात करीर या काटेरी झुडपाची फळे उकडून खाल्ली जात. कोणी लाकडे आणी, कोणी फळे तोडून आणी, कोणी पाणी भरी. उकडण्याचे काम निजामुद्दीन यांच्याकडे होते. एके दिवशी मीठ नव्हते. किरकोळ अडचण होती. त्यांनी जवळच्या दुकानातून थोडे मीठ उधार आणले. सगळे जेवायला बसले, बाबांनी घास उचलला आणि तो परत ठेवला. हात जड झाला आहे, या अन्नात काही खोट आहे का, अशी विचारणा झाली. निजामुद्दीन यांनी थरथरत मिठाची उधारी सांगितली. बाबांनी समजावले की, दरवेशाने जिभेच्या चवीसाठी कर्ज काढण्यापेक्षा उपाशी राहणे बरे. ते अन्न मग गरिबांना वाटून देण्यात आले.

चिमूटभर मिठाने सगळ्यांचे जेवण राहिले. पण त्या दिवशी निजामुद्दीन यांनी मनाशी ठरवले की, पुन्हा कधी उधार घ्यायचे नाही. पुढे हजारो माणसे ज्यांच्या लंगरवर जेवली, त्यांच्या स्वयंपाकघराची शिस्त या अळणी प्रसंगातून आली.

दुसरा प्रसंग एका पुस्तकाचा. बाबा त्यांना शेख शहाबुद्दीन सुहरावर्दी यांचा अवारिफुल मआरिफ हा ग्रंथ शिकवत. हाताशी असलेली प्रत चुकांनी भरलेली होती, त्यामुळे बाबांना अडखळत, दुरुस्त करत पुढे जावे लागे. निजामुद्दीन सहज बोलून गेले की, शेख नजीबुद्दीन यांच्याकडे याची चांगली प्रत आहे. हुशार विद्यार्थ्याच्या तोंडून निघालेले हे निरुपद्रवी वाक्य होते. बाबा मात्र नाराज झाले. सदोष प्रत दुरुस्त करण्याची ताकद या फकिरात नाही काय, असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. हा रोख आपल्यावर आहे हे निजामुद्दीन यांच्या उशिरा लक्षात आले. त्यांनी पाय धरले, पण नाराजी गेली नाही. ते रडत बाहेर पडले. एका विहिरीपाशी पोहोचले, तेव्हा जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला. अखेर बाबांचे चिरंजीव शहाबुद्दीन यांनी रदबदली केली. बाबांनी जवळ बोलावले, हे सगळे तुझ्या जडणघडणीसाठी केले असे समजावले आणि स्वतःचा पोशाख त्यांच्या अंगावर घातला. वादात मैफली मोडणाऱ्या तरुणाच्या मनातला विद्येचा ताठा एका चुकीच्या वाक्याने उतरला.

बाबांची एक ताकीद होती की, कोणाचे देणे असेल तर ते फेडावे आणि दुखावलेल्यांना राजी करावे. निजामुद्दीन यांना आठवले की, दिल्लीत एका कापडवाल्याचे वीस जीतल देणे आहे आणि एकाकडून वाचायला आणलेले पुस्तक हरवले आहे. जीतल हे तेव्हाचे लहान नाणे, पण वीस जीतल एकदम जमवणे त्यांना कठीण होते. दिल्लीला परतल्यावर दहा जमले. तेवढे घेऊन ते कापडवाल्याकडे गेले आणि उरलेले नंतर देतो म्हणाले. त्याने दहा घेतले आणि दहा माफ केले. मग ते पुस्तकाच्या मालकाकडे गेले. पुस्तक हरवले आहे, कुठून तरी दुसरी प्रत मिळवून, ती उतरवून देतो, असे त्यांनी कबूल केले. मालकाने ते पुस्तक त्यांनाच देऊन टाकले. ही दोन्ही माणसे सुफी किंवा आलिम म्हणून प्रसिद्ध नव्हती. अल्लाहची मेहरबानी त्या दिवशी त्यांच्या हातून पोहोचली.

दिल्लीत त्यांना राहायला पक्के घर नव्हते. अमीर खुसरो यांच्या आजोळचे एक मोठे घर काही काळ राहायला मिळाले. मालकाचे मुलगे परगावहून परतले आणि घर ताबडतोब रिकामे करायला सांगितले. दुसरी जागा शोधण्याचीही सवड मिळाली नाही. पुस्तकांशिवाय सामान नव्हते. ती डोक्यावर घेऊन ते निघाले आणि एका किराणा दुकानदाराच्या घरासमोरच्या लहानशा मशिदीत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी एका कागदवाल्याने त्यांना आदराने आपल्या घरी नेले. किरमानी घराण्यातल्या मीर खुर्द यांच्या सियरुल औलिया या चरित्रग्रंथात पुढे अशीही नोंद आहे की, रिकामे करायला लावलेल्या त्या घराला त्याच रात्री आग लागली आणि ते जळून गेले.

ही नोंद वाचताना भाविक मनाला एक मोह होतो. पाहा, अल्लाहने आपल्या बंद्याला आधीच बाहेर काढले आणि त्रास देणाऱ्यांना अद्दल घडवली, असा हिशेब मांडण्याचा तो मोह आहे. पण मग ज्यांचे घर जळले, त्यांच्यावर अल्लाहची कृपा नव्हती का? आपल्यावरचे संकट ही अल्लाहची माया आणि दुसऱ्यावरचे संकट ही त्याची शिक्षा, असे म्हणणे फार सोपे असते. हजरतांनी दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीकडे कसे पाहिले, हे पुढे गियासपूरमध्ये दिसले.

गियासपूर हे यमुनेकाठचे तेव्हाचे लहान खेडे. शहराच्या गजबजाटाला कंटाळून ते तिथे जाऊन राहिले. सुरुवातीची वर्षे फार ओढाताणीची होती. मुरीद झोळी घेऊन वस्तीत फिरत आणि जमलेले भाकरीचे तुकडे इफ्तारच्या वेळी दस्तरखानवर ओतत. एकदा असेच तुकडे मांडले होते. दिवसभराचे रोजे होते. तेवढ्यात एक फकीर आला. जेवण आटोपले असून हे उरलेसुरले आहे, असा त्याचा समज झाला. त्याने सगळे तुकडे गोळा केले आणि तो चालता झाला. हजरतांनी त्याला थांबवले नाही. ते हसले. आपल्याला अजून उपाशी ठेवले जात आहे, म्हणजे आपली तालीम अजून चालू आहे, असा अर्थ त्यांनी घेतला.

सुलतान जलालुद्दीन खल्जीने याच काळात खानकाहच्या खर्चासाठी गाव इनाम देऊ केले. हजरतांनी नकार दिला. काही मुरीद भुकेने हैराण होते, ते घ्यावे असे त्यांना वाटत होते. पण वतन घेतले की वतनाची चिंता आली आणि सुलतानाचा हात आला. पाहुण्याने एकाच वेळी दोन यजमानांकडे कसे बसायचे?

याच वर्षांतली एक आख्यायिका फुटलेल्या हंडीची आहे. चार दिवस फाका पडला होता. शेजारी सूत कातून पोट भरणारी एक म्हातारी राहत होती. तिने आपल्याकडचे थोडे पीठ आणून दिले. शेख बुरहानुद्दीन गरीब आणि शेख कमालुद्दीन याकूब हे मुरीद तेव्हा सेवेत होते. ते पीठ मातीच्या हंडीत शिजत असताना एक गोधडीवाला दरवेश दारात आला आणि खायला मागू लागला. हजरतांनी ती उकळती हंडी उचलून त्याच्यापुढे ठेवली. त्याने त्यातले काही घास खाल्ले आणि हंडी जमिनीवर आपटून फोडली. जाता जाता तो सांगून गेला की, बाबा फरीद यांनी तुम्हाला आतली दौलत दिली, बाहेरच्या गरिबीची हंडी मी फोडली. चार दिवसांच्या उपासानंतर समोरचे अन्न मातीत जाताना पाहणे सोपे नसते. त्यानंतर मात्र खानकाहमध्ये नजराण्यांचा ओघ सुरू झाला, असे परंपरा सांगते.

ओघ सुरू झाला आणि हजरतांची खरी परीक्षाही सुरू झाली. रिकाम्या हाताने शुक्र करणे त्यांना आईने शिकवले होते. आता हात भरला होता. जे येई ते त्याच दिवशी वाटून टाकले जाई. दर जुम्याला कोठारे झाडून रिकामी केली जात आणि मगच ते नमाजला जात. लंगरवर येणाऱ्याला धर्म विचारला जात नसे. स्वतः हजरत जवळजवळ बारमाही रोजे ठेवत. इफ्तारला अर्धी-एक भाकरी आणि थोडी भाजी घेत. सहरीला सेवक ताट घेऊन येई, तेव्हा बरेचदा ते तसेच परत जाई. थोडे तरी खा, नाही तर अशक्तपणा येईल, अशी विनवणी होई. हजरतांच्या डोळ्यांत पाणी येई. मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर किती तरी लोक उपाशी झोपले आहेत, मग हा घास घशाखाली कसा उतरेल, असे ते विचारीत.

स्वतःच्या भुकेला अल्लाहची मेजवानी मानणाऱ्या या माणसाने दुसऱ्याच्या भुकेला कधी ते नाव दिले नाही. ओट्यावर झोपलेल्या मजुराला त्यांनी सब्रचा उपदेश पाठवला नाही. आपल्यावर आलेली अडचण ही अल्लाहशी असलेल्या नात्याची बाब आहे, पण शेजाऱ्यावर आलेली अडचण हे आपल्याकडे आलेले काम आहे. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याचा यजमान अल्लाह आहे आणि त्याचे ताट घेऊन जाण्यासाठी त्या यजमानाने आपल्याला धाडले आहे, ही समज त्यांच्या जगण्यातून दिसते.

एका उन्हाळ्यात गियासपूरमधल्या घरांना आग लागली. भर दुपारची वेळ होती. हजरत अनवाणी छपरावर आले आणि आग विझेपर्यंत तापलेल्या छपरावर उभे राहिले. मग सेवक ख्वाजा इक्बाल यांना जळालेली घरे मोजायला पाठवले. प्रत्येक घरी अन्न, थंड पाण्याची सुरई आणि चांदीचे टंके पोहोचवले गेले. आग का लागली, कोणाच्या कोणत्या कर्माचे ते फळ, याची चर्चा झाली नाही. घरे मोजली गेली आणि पाणी पाठवले गेले.

या आठवणींचा मोठा ठेवा अमीर हसन सिजझी या कवीमुळे आजपर्यंत पोहोचला. 1308 पासून 1322 पर्यंत हजरतांच्या मजलिसींत ऐकलेले त्यांनी लिहून ठेवले. तोच फवाइदुल फुआद हा ग्रंथ. अमीर हसन सैन्यात चाकरीला होते आणि एकदा त्यांचा पगार थकला. ते मजलिशीत आले, तेव्हा हजरतांनी एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. एका अधिकाऱ्याने त्याची सगळी मालमत्ता हिरावून घेतली होती. तरीही तो आनंदात चालला होता. कारण विचारले, तर त्याने आपले जानवे शाबूत असल्याचे सांगितले. गोष्ट संपल्यावर हजरतांनी अमीर हसन यांना विचारले की, मतलब ध्यानात आला ना? थकलेला पगार मनाला खात होता, हे न सांगताच ओळखले गेले होते. एका मुसलमान शिपायाला धीर देण्यासाठी त्यांनी ब्राह्मणाची श्रद्धा आदराने पुढे ठेवली.

हेच अमीर हसन पुढे मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले. त्यांची कबर खुलताबादेत आहे. फुटलेल्या हंडीच्या गोष्टीतले शेख बुरहानुद्दीन गरीबही दख्खनमध्ये आले आणि त्यांचा दर्गाही खुलताबादेतच आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहराला त्यांचेच नाव मिळाले. बदायूँच्या एका चुलीपाशी सुरू झालेली ही शिकवण अशी वेरूळच्या डोंगरापर्यंत आली.

1325 मध्ये हजरतांचा शेवटचा आजार आला. जेवण जवळजवळ सुटले होते. घरात काही शिल्लक ठेवू नका, सगळे वाटून टाका, असा त्यांचा आदेश होता. ख्वाजा इक्बाल यांनी वाटप केले, पण खानकाहमधल्या दरवेशांसाठी काही दिवसांचे धान्य मागे ठेवले. हेतू चांगला होता. तरीही हजरत नाराज झाले. त्यांनी लोकांना बोलावून कोठार उघडायला लावले. धान्य लुटून न्या आणि जागा झाडून स्वच्छ करा, असे सांगितले. आमचे कसे होणार, असे मुरिदांनी विचारले, तेव्हा तुम्हाला पुरेल एवढे मिळत राहील, असा दिलासा त्यांनी दिला.

काही दिवसांनी त्यांचा इंतकाल झाला. जनाजाची नमाज मुलतानचे शेख रुक्नुद्दीन यांनी पढवली. गियासपूर आता दिल्लीच्या पोटात गेले असून ती वस्ती हजरतांच्याच नावाने ओळखली जाते. बीबी जुलैखा यांची कबर तिथून काही अंतरावर अधचिनीत आहे. रमजानच्या संध्याकाळी हजरतांच्या दर्ग्यात दस्तरखान अंथरले जातात आणि शेकडो अनोळखी माणसे मांडीला मांडी लावून मगरिबच्या अजानची वाट पाहतात. कोणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती आणि कोणाच्या नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. तिथे बसलेले सगळेच अल्लाहचे पाहुणे असतात.